खोटा कातळ

खडा खिशातून निसटला तो थेट हालवोर्सेनच्या फळीवर, आणि गोल असल्यामुळे पडल्या जागी गप्प बसला नाही. घरंगळत गेला, वजनकाट्याच्या पितळी पारड्यावर टक्‌ करून आपटला आणि मग थांबला. लेम्पीनं रुमाल काढायला हात घातला होता. बाहेरच्या थंडीतून फेअरबँक्सच्या या तापलेल्या दुकानात शिरलं की नाक वाहायला लागतं, सगळ्यांचंच लागतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रुमालाच्या घडीतून तो आला. परवापासून तो कोटाच्या उजव्या खिशात होता, आणि परवापासून ती उजवा खिसा सोडून बाकीचे सगळे खिसे वापरत होती. आता सवयीनं हात गेला आणि घात झाला. एवढासा खडा, चिमणीच्या अंड्याएवढा, करडा, गुळगुळीत. तिच्या काळजात चर्र झालं, आणि लगेच स्वतःचाच राग आला, की चर्र व्हायला आपण कुणाची चोरी केली आहे?

हालवोर्सेन मेणबत्त्यांचा गठ्ठा बांधत होता. एके काळी ओढ्याओढ्यांवर खड्डे खणून त्यानं कंबर मोडून घेतली होती, आणि आता उरलेल्या कंबरेनं तो दोर, खिळे, फावडी विकत होता. त्याचा हात सुतळीवरच थांबला.

"हा कुठला गं?"

"वाटेवर सापडला."

"वाटेवर." त्यानं मान वळवून खिडकीकडे पाहिलं. बर्फ चौकटीच्या निम्म्यापर्यंत चढलं होतं. "जानेवारीत?"

लेम्पी काय बोलणार? ऑक्टोबरपासून मेपर्यंत या मुलखात उघडा दगड कुणाच्या दृष्टीस पडत नाही. या दिवसांत गोल खडा एकाच ठिकाणाहून येतो, आणि ते ठिकाण फळीच्या अलीकडच्या बाईला ठाऊक होतं आणि पलीकडच्या म्हाताऱ्यालाही.

"आत्ताच म्हणालीस ना, दोर नको, खड्ड्याला तळ लागला? तौनो आता आडवं खणायला निघालाय, मेणबत्त्या दे, असं म्हणालीस."

"लागलाच आहे तळ."

"हो का? मग बरं झालं." त्यानं खडा अंगठ्यानं थोडा ढकलला, थोडा परत आणला, मांजर उंदराशी करतं तसं. मग काही न विचारता तो मागच्या खोलीत गेला, आणि आला तेव्हा खांद्यावर दोराचं वेटोळं होतं. "घेऊन जा. नको झाला तर परत आण. दोर काही नासत नाही."

"उगाच गळ्यात मारू नकोस, हालवोर्सेन."

"गळ्यातच मारतोय पोरी. धंदाच आहे माझा." पण तो हसला नाही. खडा उचलून त्यानं तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली. लहान मुलाला खाऊ देऊन मूठ मिटवतात तशी.

टपाल घेऊन जाणारी घोड्यांची स्लेज ओढ्याच्या फाट्यापर्यंत जाते. लेम्पी पोत्यांच्या मागे पाय पोटाशी घेऊन बसली. गाडीवान गप्प होता, या थंडीत कोण तोंड उघडणार, दात दुखतात. तिला ते बरंच वाटलं. गाव मागं पडलं, तिच्या जुन्या लाँड्रीचं वाफ सोडणारं धुराडं मागं पडलं. त्या वाफेत तिनं बारा वर्षं काढली होती, दुसऱ्यांच्या चादरी पिळत, सोड्यानं फुटलेल्या हातांना रात्री चरबी चोळत. मग तौनो आला, तिला म्हणाला, चल माझ्याबरोबर, माझ्याकडे ओढ्यावर जागा आहे आणि खड्ड्यावरचा रहाट फिरवायला माणूस नाही. लग्नाची मागणी ती हीच. ती हसली होती तेव्हा. पण तिनं ओळखलं होतं, की हा माणूस तिला रहाटावर उभं करतोय म्हणजे काय करतोय. खाली उतरणारा माणूस वरच्याच्या हातात जीव देतो. असं गावातल्या कुणीही कधी तिला काही दिलं नव्हतं. दोन खड्डे फुकट गेले, सोनं निघालं नाही. हा तिसरा. चौथा होणार नाही, हे दोघांना न बोलता कळलेलं होतं. तौनोचे गुडघे आता शिडी चढताना वाजत होते. धुरानं डोळे इतके गेले होते, की परातीतला बारीक रंग त्याला दिसत नव्हता. सोन्याच्या कणांना सगळे रंगच म्हणतात, रंग दिसला, रंग नाही दिसला. उन्हाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी कंपनीचं सोनं उपसणारं तरंगतं यंत्र येणार होतं, आणि ते एकदा आलं की हातानं खणणाऱ्या माणसाला कुणी हिंग लावून विचारणार नव्हतं. या खड्ड्यात काही निघालं नाही तर लेम्पी परत वाफेत जाणार आणि तौनो कुणाच्या तरी गोदामावर राखणीला बसणार. तौनो, आणि राखणीला! त्याच्याकडे पाहून चोरालाच दया येईल, असं तीच एकदा म्हणाली होती, आणि दोघं पोट धरून हसले होते. आता ते आठवून हसू आलं नाही.

खिशात हात घालायचा नाही असं ठरवून तिनं हात घातला. खडा आता तिच्याच अंगाच्या उबेनं कोमट झाला होता. परवाचा दिवस डोळ्यांसमोरून जात नव्हता. ही सगळी जमीन वर्षभर गोठलेली असते, दगडासारखी. रोज संध्याकाळी खड्ड्याच्या तळाला लाकडं रचून पेटवायची, रात्रभर धुमसू द्यायची, आणि सकाळी धूर निघून गेला की जेवढं वितळलं असेल तेवढं उपसायचं. असं करत करत तौनो खाली गेला होता, आणि गेल्या आठवड्यात कुदळ ठणाणली. ठण्ण! वर उभ्या असलेल्या लेम्पीच्या दातांत तो आवाज शिरला. कातळ! बादलीतून पापुद्र्यांचा खडक वर यायला लागला, धारदार, कोपरे असलेला, फुटलेल्या पाटीसारखा. तौनो वर येऊन तिला मिठीत घेऊन नाचला, गुडघे वाजवत. सोनं जड, ते सगळ्यात खाली जाऊन कातळावर बसतं, तेव्हा कातळ लागला म्हणजे आता आडवं व्हायचं, कातळावरनं खरवडत भिंतीत शिरायचं. फक्त आधी हातभर कातळ फोडून बघायचा, कारण भेगांत सोनं धरून राहतं. तो हातभर फोडत असतानाच परवा बादली वर आली. धारदार तुकड्यांच्या ढिगावर, सगळ्यात वर, हा बसलेला होता. गोल. पुसल्यासारखा स्वच्छ.

कातळात गोल खडा कसा असेल? दगडाला गोल करतं ते पाणी, वर्षानुवर्षं लोळवून. म्हणजे हा कातळ खोटा. कधीतरी, माणसं या मुलखात यायच्या आधी, डोंगरावरून दरड उतरली आणि जुन्या ओढ्याच्या पात्रावर बसली, वर माती साचली, सगळं गोठलं. खणणारा त्या दरडीला पोचतो आणि म्हणतो, लागला तळ. खरं पात्र खालीच राहतं, खरं सोनंही तिथंच. आणि तिथंच कधी कधी ते जुनं पाणीसुद्धा असतं, न गोठलेलं, अंधारात दाबून बसलेलं. लेम्पीनं खडा उचलला तेव्हा हे सगळं एका दमात तिच्या डोक्यातून गेलं. खालून रोजचा आवाज आला, "काय दिसतं?" आणि ती म्हणाली, "काही नाही. नुसता दगड." खाली जरा वेळ काहीच हललं नाही. मग तौनो म्हणाला, "बरं." ते 'बरं' तेव्हापासून तिच्या कानात अडकून बसलं होतं.

स्लेज बर्फावरून घसरत होती आणि तिला वडिलांचे बूट दिसत होते. म्हातारपणी वडील बुटांच्या नाड्या बांधत नसत. आई बांधायची, आणि आई गेल्यावर लेम्पी. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय लाडावून ठेवलाय म्हाताऱ्याला! त्यांना काय माहीत. दोरीसारखं काहीही हातात धरलं की वडिलांचा हात उघडायचाच नाही मग, मूठ तशीच राहायची, पांढरी. ती लहान असताना, पलीकडच्या ओढ्यावर, तिचा भाऊ आर्वो खड्ड्यात खाली होता, वडील रहाटावर होते, आणि लेम्पी, शाळेतून सुटका झाली म्हणून खुशीत असलेली, शेगडीजवळच्या टबात परात घोळवत होती. परातीत पिवळं चमकलं. ती पळत सुटली, "बाबा, बघा! बघा ना!" वडिलांनी पाहिलं. त्यांचा चेहरा तिनं तसा आधी कधी पाहिला नव्हता, इतका तरुण. ओणवं होऊन ते खड्ड्यात ओरडले, "आर्वो, अजून एक फूट!" या मुलखातली ही रीतच होती आणि आहे, की किती खोल जायचं तो शब्द रहाटावरच्याचा. खालच्याला काही कळत नसतं, त्याला नेहमीच वाटतं की अजून थोडंसं. वरचा परात बघतो, वरचा आभाळ बघतो, वरचा शुद्धीवर असतो. वडिलांनी शब्द दिला आणि आर्वोनं तो पाळला. पाणी आलं त्याचा फारसा आवाज झाला नाही. वडिलांनी दांडा फिरवला, हूं हूं करत जिवाच्या आकांतानं फिरवला, आणि बादली वर आली. ती काठोकाठ भरलेली होती, स्वच्छ, पिण्यासारख्या पाण्यानं.

फाट्यावर गाडीवानानं तिची छोटी ओढगाडी उतरवून दिली. "दोर फार घेतलास," तो म्हणाला. आज सगळ्यांना तिच्या दोराचीच पडली होती. ती उतारानं निघाली, मागं मेणबत्त्या, पीठ, साखरेचे खडे आणि ते वेटोळं. एकदा तिच्या मनात आलं, खडा इथंच टाकून द्यावा, स्प्रूसच्या झाडांत, बर्फ दुपारपर्यंत झाकून टाकील. मग काय उरतं? तौनो भिंतीत शिरेल, दरडीवरनं खरवडत. त्याला काही मिळणार नाही, मार्चपर्यंत मिळणार नाही, एप्रिलमध्ये पाणी सुटेल आणि संपलं. पण तो असेल. राखणीला बसलेला, चिडका, जिवंत. बायकोच ती, तिला तो जिवंतच हवा. मग हे इतकं का टोचतंय? की टोचणारं दुसरंच काही होतं, आणि ती ते भीतीच्या पदराखाली झाकून नेत होती? तिलाही सोनं हवं होतं. हे तिनं स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं आणि थंडीतही तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खडा हातात घेतला त्या क्षणी, आर्वोच्या आधी, बादलीतल्या पाण्याच्या आधी, तिच्या मनात आलं होतं ते एकच: म्हणजे खाली आहे!

झोपडीशी पोचली तेव्हा दुपार उलटून आभाळ निळंकाळं झालं होतं. तौनो सौनाच्या, वाफेच्या न्हाणीच्या, दारात लाकडं फोडत होता. शनिवार होता, दगड तापत घातलेले असणार. त्यानं ओढगाडीकडे पाहिलं. बारीक दिसत नसलं तरी दोराचं वेटोळं काही बारीक नसतं.

"दोर कशाला?"

"हालवोर्सेननं गळ्यात मारला."

"अस्सं." त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "होईल उपयोग. कपडे वाळत घालायला."

"एवढे कपडे आहेत कुठं आपल्याकडे?"

"तू आणशील ना गावातले, लाँड्रीतले." हे त्याला विनोद म्हणून म्हणायचं होतं. निम्म्यातच त्याला कळलं की तो विनोद राहिला नाही, आणि तो लाकडं उचलायला वाकला.

आत जाऊन तिनं कॉफी ठेवली. दोघांनी ती बशीत ओतून, दातांत साखरेचा खडा धरून प्यायली, नेहमीसारखी. तौनोनं सांगितलं, भिंतीवर उत्तरेच्या अंगानं खूण केली आहे, आज रात्रीपासून तिकडे शेकोटी लावू. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता. तसा तो कधीच कुणाकडे नीट बघत नसे, डोळ्यांमुळे. पण आजचं न बघणं निराळं होतं. लेम्पीला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. मग वाटलं, चोराच्या मनात चांदणं, लपवतेस तू आणि नाव त्याचं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

सौनात अंधार होता. भट्टीच्या दारातनं लाल रेघ येत होती तेवढीच. तापल्या दगडांवर पाण्याचा तांब्या ओतला की वाफ छताला जाऊन पाठीवर उतरायची. ही वाफ वेगळी, लाँड्रीची वेगळी. तिच्या लोकांत जड बोलणं इथंच बोलतात, कपडे काढल्यावर. माणसाला मग फार खोटं बोलता येत नाही. तौनो वरच्या फळीवर बसला होता, कोपरं गुडघ्यांवर. त्याच्या पाठीचे मणके मोजता येतील असे वर आले होते. कधी झालं हे? रक्त खेळावं म्हणून बर्चच्या डहाळीनं पाठीवर सपके मारता मारता तिचा हात थांबला.

"परवा मी तो वर ठेवला होता," तौनो म्हणाला.

"काय?"

"गोटा. बादलीत वर ठेवला होता. मातीत मिसळला असता तर तुला कदाचित दिसला नसता. म्हणून बाहीला पुसला आणि वर ठेवला."

ती डहाळी हातात धरून उभीच राहिली. पाण्याचा एक थेंब दगडावर पडून चुर्र झाला.

"तुला दिसला होता?"

"दिसतंय कसलं डोंबलाचं! हाताला लागला. भेगेत बोटं घातली होती. बोटांना काय गोल ते गोलच लागतं."

"मग वर येऊन बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"रहाटावर तू असतेस."

"म्हणून?"

"म्हणून शब्द तुझा. मी विचारलं, काय दिसतं. तू म्हणालीस, नुसता दगड." त्यानं तळहातानं तोंडावरचा घाम पुसला. "मी म्हटलं, हे लेम्पीचं उत्तर. आर्वोचं मला माहीत आहे, तुझ्या वडिलांचं मी डोळ्यांनी बघितलंय. तेव्हा डोळे होते मला. मी म्हटलं, ठीक. भिंतीत जाऊ."

"आणि मार्चपर्यंत तू त्या दरडीत काय उपटणार होतास?"

"काही नाही."

"माहीत असून?"

"माहीत असून."

तिला त्याचा भयंकर राग आला. इतका की हातातली डहाळी त्याच्या पाठीवर जोरात बसली, आणि तो 'अगं अगं' म्हणत हसला. हा माणूस सगळा हिवाळा, शेवटचा हिवाळा, वाजणाऱ्या गुडघ्यांनी रोज शिडी उतरून रिकामा दगड फोडणार होता. का, तर तिला एक शब्द बोलायला लागू नये. आणि ती खडा खिशात घेऊन हिंडत होती, मिठाची गुळणी धरून, आणि स्वतःला सांगत होती की आपण अजून काहीच ठरवलेलं नाही. ठरलं होतं की! तिच्या गप्प राहण्यानं परवाच ठरलं होतं, आणि खाली एक माणूस ते पाळत होता.

"खरं सांगू का," अंधारातनं तौनो म्हणाला, आवाज अगदी बारीक, "त्या रात्री मला झोप लागली. किती दिवसांनी. तू नाही म्हणालीस याचं मला बरंच वाटलं."

"तुला भीती वाटते?"

"वाटणार नाही का? खाली मी असतो, बाई."

"मग तुला काय वाटतं? जायचं का खाली?"

"मला विचारू नकोस. मला नेहमीच अजून एक फूट वाटतं. भीती वाटत असतानासुद्धा."

अंगावर कोट चढवून दोघं खड्ड्याशी गेले. शेकोटी संध्याकाळीच लावायची असते. आज ती लागली नाही तर उद्याचा दिवस फुकट. तौनो शिडीनं उतरला, आणि लेम्पी बादलीतनं लाकडं खाली सोडत राहिली, कोरडी, वीतभर कापलेली. खाली कंदिलाचा पिवळा ठिपका इकडून तिकडे गेला. मग स्थिर झाला.

"कुठं रचू?" खालनं आवाज आला. "भिंतीला, की तळाला?"

दांड्यावर तिचे दोन्ही हात होते. ते तिला वडिलांचे वाटले, आणि ती वाट बघत राहिली, मूठ पांढरी पडते का. हातमोजे होते, कसं कळणार? आभाळात हिरवट उजेड हलत होता, त्याच्याकडे आज बघवेना. नाही म्हटलं तरी तो शब्दच, आणि गप्प राहिलं तरीही. पळायला जागाच नव्हती, आणि हे कळल्यावर, आश्चर्य म्हणजे, छातीतलं काहीतरी सैल झालं.

"तळाला," ती म्हणाली. आणि लगेच, मोठ्यानं, "पण मी वर ये म्हटलं की यायचं. त्या क्षणी. कुदळ तिथंच टाकून. कळलं का तौनो?"

"बरं," तौनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धूर निघेपर्यंत अकरा वाजले. खालची हवा बघायला तिनं आधी दोरीला बांधून मेणबत्ती सोडली. ती विझली नाही, मग तौनो उतरला. जुना दोर रहाटावरून पूर्ण उलगडला होता, म्हणून तिनं त्याच्या टोकाला नवा जोडला, गाठ दोनदा मारली, दोनदा ओढून बघितली. पहिल्या बादल्या धारदार दगडाच्या. मग अर्ध्या धारदार, अर्ध्या गोल. मग गोल, गोल, नुसते गोल, आणि त्यांच्यात घट्ट बसलेली काळी वाळू. दरड संपली. कुदळ अजून ठणठण वाजत होती, गोठलेल्या जमिनीचा तो आवाज लेम्पी कानात तेल घालून ऐकत होती. ठण्ण म्हणजे गोठलेलं, गोठलेलं म्हणजे बरं. दर बादलीगणिक ती मूठभर रेती झोपडीच्या दाराशी ठेवलेल्या कोमट पाण्यात घोळवून बघायची, आणि खालनं विचारणं यायचं, आणि ती खरं ते सांगायची. थोडा रंग. जरा जास्त. मग एक बादली आली तिचं वजन तिला दांड्यावरच वेगळं लागलं.

तिनं ती ओतली आणि हातानं पसरली. रेती हाताला चिकटली. आज महिने झाले, खड्ड्यातून आलेलं काहीही हाताला चिकटलं नव्हतं. गोठलेलं चिकटत नाही, शेकोटीनं वितळलेलं ढिगावर येईतो परत गोठतं. हे थंड होतं, पण ओलं होतं. आणि घोळवायची गरजच नव्हती. मसुरीच्या डाळीएवढे दाणे, दोन, पाच, मग तिनं बघायचं थांबवलं. आर्वोच्या वेळी तिच्या परातीत याच्या निम्म्यानंही नव्हतं.

खालून आवाज आला, ठण्ण नव्हे. ठप्प.

"लेम्पी, काय दिसतं?"

एक क्षण तिला खोटं सांगावंसं वाटलं. नुसता दगड. किती सोपं होतं ते, पाठ झालेलं. खोटं ऐकून तो चटकन वर आला असता.

"सोनं," ती म्हणाली.

"किती?"

"तुझ्या डोळ्यांनापण दिसेल एवढं. वर ये."

"काय म्हणतेस! अगं, इथं एकदम मऊ लागतंय, कुदळ आपोआप जातेय. एक बादली भरतो, एकच..."

"तौनो, वर ये."

"दोन घाव फक्त!"

"रहाटावर मी आहे!" ती किंचाळली. तिच्या आवाजानं स्प्रूसवरचं बर्फ पडलं असेल, इतकी किंचाळली. "शब्द माझा आहे! वर ये!"

खाली काहीच हललं नाही. हा थोडा वेळ तिनं कसा काढला हे ती पुढं कधी कुणाला सांगू शकली नाही. मग काहीतरी लोखंडी खाली टाकल्याचा आवाज आला. दोर ताणला गेला. त्यानं पाय बादलीत घातला होता, शिडी चढण्याइतकी उसंत त्यालाही नव्हती. ती फिरवत राहिली, दात दातांवर, हूं हूं असा आवाज तिच्याच घशातून येत होता आणि तो तिला ओळखीचा होता. नव्या दोराची गाठ रहाटावर आली, अडकली, उडी मारून पुढं गेली. टोपी दिसली. मग दाढी, काजळी, उघडं तोंड. त्याला काखेत धरून तिनं काठावर ओढलं. खाली बघितलं नाही. पण ऐकू आलं, खोल खाली, कुणीतरी हळूच घोट घेतल्यासारखं.

"बूट," ती म्हणाली.

त्याचे बूट घोट्यापर्यंत ओले होते. तौनोला ते आत्ता कळलं. एवढ्यात त्यांच्यावर पांढरी साय धरायला लागली होती. तिनं त्याला ओढत झोपडीत नेलं, दार पायानं लोटलं.

"आज शेकोटी नाही," ती म्हणाली. "उद्या नाही, परवा नाही. खड्डा उघडा ठेवायचा. ही थंडीच उतरू दे खाली. गोठवू दे त्याला. मग फोडू, गोठलेलं, जरा जरा करून."

"आणि नाही गोठलं तर?"

"तर नाही."

तो भिंतीला हात लावून उभा होता, धापा टाकत, आणि दाराकडे तोंड करून, जिकडे ती रेती पसरली होती तिकडे.

"लेम्पी, खरंच एवढं होतं?"

"खरंच."

"माझ्यासाठी म्हणून नाही ना सांगत?"

"नाही रे."

ती त्याच्या पायांशी बसली. बुटांच्या नाड्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या, गाठ सुटेना. तिनं हातमोजे काढले आणि नखांनी ती सोडवत राहिली, मग दातांनी. पहिला बूट निघाला, मोजा निघाला, पाय लाल होता, पण गरम होता. दुसऱ्या बुटाची गाठ सुटली आणि तिला रडू फुटलं. तौनो तिच्या डोक्यावर हात ठेवून, एका पायावर, तोल सांभाळत उभा राहिला.